चौसष्ट दिव्यांचा माग

बत्तीमामू दिवे दुरुस्त करायला आले की सगळ्यात आधी फुटाणे मागवत. चहा नको, पाणी नको, पान तर नकोच. फुटाणे आले की ते पिनबॉलच्या मशीनसमोर हात मागे बांधून उभे राहत. जो दिवा लागत नसे त्याच्या बरोबर वर, काचेवर, एक फुटाणा. तोही आख्खा नाही. चिमटीत सोलून अर्धी डाळ सपाट बाजू खाली करून काचेवर ठेवायची आणि उरलेली अर्धी आगाऊ तोंडात टाकायची. मग ती लांबलचक काच फुटाण्यांसकट मशीनमधून हळूच ओढून शेजारच्या टेबलावर आडवी ठेवायची. एकही डाळ जागची हलत नसे. पुढे एकेक दिवा लागत गेला की त्याची डाळ उचलून मामू खात, आणि काच रिकामी झाली की काम संपलं. मी हा प्रयोग निदान दहा वेळा करून पाहिला असेल. दहाही वेळा फुटाणे फरशीवर.

मशीन माझं होतं. पैठण गेटच्या अलीकडे एका लांबट गाळ्यात मी खेळांचं दुकान काढलं होतं, त्यातलं हे सगळ्यात मोठं आकर्षण. मुंबईहून जुनंच आणलेलं. काचेखाली एक उतरती रंगीत फळी, तिच्यावर धावणारी लोखंडी गोळी, आणि गोळी खाली पडू नये म्हणून बाजूची बटणं दाबून हलवायचे दोन दांडे. गोळी जिथे आपटेल तिथला दिवा लागायचा. असे चौसष्ट दिवे. सगळे एकदम उघडझाप करू लागले की रस्त्यावरची माणसं आत डोकवायची. वडील पाचोडहून मुद्दाम पाहायला आले, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "गोट्याच खेळायच्या व्हत्या तर डिप्लोमा कशापायी केला रं?"

डिप्लोमा माझा इलेक्ट्रिकलचा होता, आणि त्याचा मला तेव्हा फार ताठा होता. पहिल्याच महिन्यात एक दिवा बंद पडला. मी बल्ब बदलला. लागला नाही. दुसरा लावला, तिसरा लावला. शेवटी शेजारच्या टेलरने बत्तीमामूंना बोलावून आणलं. लग्नाच्या मांडवात रोषणाई करणारा हा उंच, वाळका, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस माझ्या मशीनला हात लावणार म्हटल्यावर माझ्या कपाळाला आठी पडली. मामूंनी माझे तिन्ही बल्ब आपल्या खिशातल्या बॅटरीवर लावून दाखवले. तिन्ही चांगले होते. "बल्बकू कायकू मारते, इंजिनेर? उसका घर देखो," ते म्हणाले. बल्बचं घर म्हणजे होल्डर. आतली पत्र्याची जीभ काळी पडून खाली बसली होती. मामूंनी काचकागदाने ती घासली, नखाने जरा वर उचलली, आणि दिवा लागला. त्या दिवसापासून मी इंजिनेर झालो तो कायमचा. ते मला कुठल्याही सुरात इंजिनेर म्हणू शकत, आणि बहुतेक सुरांत ती चेष्टाच असे.

दिवा बिघडला असं मामू कधी म्हणायचे नाहीत. दिवा रुसलेला असायचा. प्रत्येक दिव्याशेजारी एक बारीकसा डायोड असतो, तो विजेला एकाच दिशेने जाऊ देतो. मामू त्याला दरवान म्हणत. एकदा एक दिवा लावला की भलताच दुसरा मिणमिणू लागला. मी मल्टिमीटर घेऊन सकाळभर बसलो आणि वैतागून मशीनला लाथही घातली. मामूंनी दोन दिव्यांकडे पाहिलं, फळी उचलून आत मान घातली आणि म्हणाले, "दरवान सो गया. चोर उलट्या वाटेनं आत शिरला." मग खिशातून नवा डायोड काढून जोडला. "आणि मशीनला लाथ नाय मारायची. ती ऐकती सगळं." मी हसलो, पण नंतर लाथ मारली नाही.

खरा चक्रावलो मी आठ दिवे एकदम गेले तेव्हा. ते आठ फळीवर इकडेतिकडे विखुरलेले, एकमेकांशी काही नातं नसल्यासारखे. मी कागद घेऊन हिशेब मांडत बसलो. मामूंनी काचेवर आठ डाळी ठेवल्या, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "एकच धागा तुटला." खरंच होतं. या मशीनमध्ये प्रत्येक दिव्याला स्वतःची वेगळी तार नसते. आठ तारा उभ्या, आठ आडव्या, आणि दोन तारा जिथे भेटतात तिथे एक दिवा. उभी एक तुटली की तिच्यावरचे आठही गेले. हे मला पुस्तक वाचून कळलं होतं आणि तरीही दिसलं नव्हतं. मामूंनी पुस्तक कधी पाहिलंच नव्हतं. "तुम्हाला कसं समजलं?" मी विचारलं. "ताना-बाना आहे की हा," ते म्हणाले. "उभा धागा ताना, आडवा बाना. मेरे अब्बा के माग पे और क्या था?"

मामूंचं घराणं हिमरू विणणारं. नवाबपुऱ्यात त्यांच्या घरात माग होता आणि त्यावरचं कापड हैदराबादच्या बड्या लोकांच्या शेरवान्यांना जात असे. लहानपणी मामू मागाच्या वर फळीवर बसत. अब्बा खालून विणता विणता हाक देत, आणि त्या हाकेबरहुकूम मामू नक्षीच्या दोऱ्या ओढत. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, शेरवान्यांची मागणी आटली आणि अब्बांनी माग मोडला. मामूंच्या बोलण्यात सगळा काळ ॲक्शनच्या आधीचा किंवा नंतरचा असे. तक्रारीचा सूर मात्र नसे. एकदाच म्हणाले होते, "मी वर बसून नुसत्या दोऱ्या ओढल्या, इंजिनेर. खाली बसून विणायची पाळी आलीच नाही."

आमच्या मशीनचं एक दुखणं वेगळं होतं. मुंबईच्या आधीच्या मालकाकडे कधीतरी आतल्या तारा जळल्या होत्या, आणि कुण्या मिस्त्रीने हाताला लागेल ती, सगळीकडे एकाच पांढऱ्या रंगाची तार ओढली होती. फळी उचलली की आत शेवयांचा ढीग. कुठली तार कुठली हे फक्त मामूंना माहीत. मी त्यांच्या मागे लागलो होतो, एकदा कागदावर नकाशा काढून ठेवा, तुमचं काही कमीजास्त झालं तर मी काय करू? "केलंय सगळं. फिकर नक्को," असं म्हणून ते पुढच्या दिव्याकडे वळत. नकाशा काही मला मिळाला नाही. म्हातारा टाळतोय असं मी धरून चाललो.

त्याच सुमारास आत तारांना धागे दिसू लागले. रेशमाचे, पिवळे आणि हिरवे, गाठी मारलेले. मामू प्रत्येक फेरीला चार-दोन बांधत. बांधताना ओठ हलत असत. मी मनात म्हटलं, मन्नतीचे धागे. आमच्या भागात कोण बांधत नाही? माझ्या आईनेही मला नोकरी लागावी म्हणून खुलताबादच्या वाटेवरच्या एका दर्ग्यात बांधला होता. मशीन चालावं म्हणून मामूंनी मन्नत मागितली असेल तर चांगलंच आहे की. आणि कुणाला त्याची मन्नत विचारायची नसते, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. म्हणून मी कधी विचारलं नाही. एवढं साधं मी विचारलं असतं तर ही पुढची गोष्ट घडलीच नसती.

मग मामूंना लकवा झाला. उजवा हात गेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. मी भेटायला जायचो, मामी दोघांना चहा द्यायच्या, मामूंच्या बशीतला निम्मा चहा अंगावर सांडायचा आणि ते माझ्याकडे रागाने पाहायचे, जणू मीच सांडला. इकडे मशीन मात्र ठणठणीत चाललं होतं. वर्षभर एक दिवा रुसला नाही. दिवाळीच्या साफसफाईला मी फळी उचलली तेव्हा ते धागे दिसले, धुळीने माखलेले. आणि मला वाटलं, मन्नत तर पुरी झाली. पुरी झाली की धागा सोडायचा असतो. मामूंना आता इथवर येता येत नाही, त्यांच्या वतीने आपण सोडू. तेवढंच त्यांच्या तब्येतीलाही बरं पडेल.

मी सगळे धागे सोडले. कात्री लावली नाही, मन्नतीला कात्री लावू नये. रविवारची आख्खी सकाळ बसून नखांनी एकेक गाठ उकलली. सव्वाशेच्या वर धागे निघाले. ते धुवून, पांढऱ्या फडक्यात बांधून मी बसने खुलताबादच्या रस्त्याला गेलो आणि त्या दर्ग्यातल्या झाडाच्या बुंध्याशी ठेवून आलो. येताना फार पुण्य पदरात पडल्यासारखं वाटत होतं.

आठवड्याने आठ दिवे गेले. डिप्लोमा आठवून मी आत हात घातला. एक तार सोडवली, दुसरीला जोडली. तिसरा दिवा लावायला गेलो तर अकरावा लागला. दोन दिवसांत मी असा काही गोंधळ करून ठेवला की दिवे आपापल्या मर्जीने लागू लागले. शेवटी नवाबपुऱ्यात गेलो. मामू खाटेवर बसून होते. मी काय झालं ते सांगितलं. ते ओढलेल्या तोंडाने पण शांतपणे म्हणाले, "त्यात काय? पिवळा धागा बघा. तीन गाठींचा. तिसरा ताना ढिला झाला असंल."

मी म्हटलं, "कोणता धागा?"

"धागे नाय दिसले? पिवळा म्हणजे ताना, हिरवा म्हणजे बाना. जितव्या नंबरचा तितक्या गाठी. हर बत्ती पे दोन धागे. तुम्हीच म्हणत होते ना, नकाशा करा, नकाशा करा."

मी सगळं सांगितलं. झाड, फडकं, बस, काहीच लपवलं नाही. मामू माझ्याकडे पाहत राहिले. मग हसू लागले. इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि मामी पाणी घेऊन धावत आल्या. "या अल्ला, इंजिनेरनं माझा नकाशा पीरबाबाला नेऊन दिला!" मीही कसानुसा हसलो. आणि मग, हसता हसताच, त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मामींनी मला डोळ्यांनी खुणावलं की आता जा. मी उठलो तेव्हा मामू भिंतीकडे बघतच बोलले, "उम्र में एकच चीज बुनी थी मी. पूरी. अपने हाथ से."

त्या दिवशी मी घरी जेवलो नाही. चोरी केली असती तरी इतकी लाज वाटली नसती. चोराला निदान आपण काय उचललं हे माहीत असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडण्याआधी, दारात रिक्षा थांबली. मामींनी आणि रिक्षावाल्याने मिळून मामूंना उतरवलं. मामींच्या हातात पत्र्याचा एक डबा होता, त्यात रेशमाची रिळं. अब्बांचा माग मोडला तेव्हा उरलेलं रेशीम, एवढी वर्षं जपलेलं. मामींनी डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "यह आखरी है. अब किसी झाड को मत देना." मामू खुर्चीत बसले आणि म्हणाले, "फुटाणे मंगाओ." मी सोललेल्या आठ डाळी त्यांनी टेबलावर काढून ठेवलेल्या काचेवर डाव्या हाताने मांडल्या.

काम असं चाललं. फळी अर्धवट उचलून दांडक्यावर टेकवलेली. वरून दिवे दिसतील अशा बाजूला मामू, आणि खाली तारांच्या जंजाळात मान घालून मी. मी आधी माझा सगळा गोंधळ सोडवला. मग दिवे तपासायचं बटण दाबलं की ते आठ सोडून सगळे दिवे उघडझाप करू लागायचे. मी एक पांढरी तार सुटी करायचो. वर काही दिवे विझायचे. मामू ते पाहायचे आणि वरून हाक द्यायचे, "पाचवा ताना! पिवळा, पाच गाठी!" मी पिवळ्या धाग्याला पाच गाठी मारून तारेला बांधायचो. "दुसरा बाना! हिरवा, दोन!" चाळीस वर्षांपूर्वी अब्बा खालून हाका देत आणि ते वरून दोऱ्या ओढत. आता हाक त्यांची होती. त्यांच्या आवाजात जोर आला होता, बोबडेपणाही कमी झाल्यासारखा वाटत होता. माझ्या गाठी मात्र जाडजूड, ओबडधोबड. "ये गाठ है या बोरं?" ते विचारत.

पहिल्या सकाळी ताने झाले. दुसऱ्या सकाळी बाने, सहाव्यापर्यंत. सातवा सोडवला तेव्हा वर दिवे विझले आणि हाक आली नाही. मी थांबलो. मग मान बाहेर काढून पाहिलं. मामू दिव्यांकडे एकटक बघत होते. "मेरेकू याद नै आरा," ते हळूच म्हणाले. सगळा मिळून एकच नकाशा उरला होता, तो त्यांच्या डोक्यात, आणि तोही पुसायला लागला होता, हे त्यांना आणि मला एकाच क्षणी कळलं. ते घाबरले होते. मी त्यांना एवढं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. मामी पुढे झाल्या, रिळातून हिरवा धागा तोडून त्यांच्या डाव्या हातात दिला. मामूंनी एक टोक दातात धरलं. एका हाताने आणि दातांनी एक गाठ मारली. दुसरी मारली. चौथ्या-पाचव्या गाठीला त्यांचे ओठ हलू लागले. सातवी मारली आणि म्हणाले, "सातवा. हा सातवा. याच्यावर मधला मोठा दिवा आहे, आणि डावीकडचे तीन." मी पाहिलं. बरोबर होतं.

तो धागा मी होता तसा बांधला.

तिसऱ्या दिवशी प्रत्येक दिव्याचे दोन-दोन धागे बांधून झाले. ढिला पडलेला तिसरा ताना मामूंनी सांगितलं तसा मी नव्याने जोडला. बटण दाबलं. चौसष्टच्या चौसष्ट दिवे लागले. टेबलावरच्या काचेवर आठ डाळी तशाच होत्या. मामूंना आता चावता येत नव्हतं. त्यांनी डाव्या हाताने एकेक डाळ उचलून माझ्या हातावर ठेवली. "खाओ. काम तुमने किया." मी आठही खाल्ल्या. मी म्हटलं, "मामू, माफ करा." ते म्हणाले, "इंजिनेर, तुम्ही फेकले नाय ना. दर्ग्यात नेऊन ठेवले. बस."

पुढच्या उन्हाळ्यात मामी त्यांना घेऊन कन्नडला मुलीकडे राहायला गेल्या. तिथेच मामू गेले. मला निरोप मिळाला, मी एसटीने पोचलो तोवर माती झाली होती. मामींनी मला ओसरीत बसवलं, चहा दिला. मी निघताना त्यांनी एवढंच विचारलं, "बत्त्या जलते?" मी म्हटलं, जळतात.

दुकान कधीच बंद झालं. मशीन मात्र मी विकलं नाही. घरातल्या मागच्या खोलीत आहे, आणि बायको त्यावर वाळवणाचे डबे ठेवते. अधूनमधून एखादा दिवा रुसतो. मग मी डबे उतरवतो, फुटाणा सोलून काचेवर ठेवतो, फळी उचलून आत हात घालतो. आता डोळ्यांना नीट दिसत नाही, पण बोटांना गाठी लागतात. एक, दोन, तीन, चार. माझ्या जाड बोरांसारख्या गाठी. दिवा लागतो आणि डाळ मी खातो.

सातव्या बान्याशी पोचलो की बोटं थांबतात. तिथल्या सात गाठी बारीक आहेत, एकावर एक, दाताने ओढून घट्ट केलेल्या. मागच्या महिन्यात तिथली तार पार कुजली होती. मी ती तार बदलली, पण धागा सोडला नाही, जुन्या तारेच्या तुकड्यासकट नव्या तारेला बांधून टाकला. तो मन्नतीचा आहे असं मी आता ठरवलंय. कसली मन्नत, हे मी मामूंना विचारणार नाही.